नकाशातली बाग

काकांची आणि माझी ओळख आक्षेपानं झाली. आमचं सामान ट्रकमधून उतरत होतं, आमचे हे मजुरांवर ओरडत होते, मी ह्यांच्यावर ओरडत होते, आणि तळमजल्यावरून पांढरा बुशशर्ट घातलेले एक किडकिडीत गृहस्थ थेट माझ्यासमोर येऊन म्हणाले, "माझा एक आक्षेप आहे." ना नमस्कार, ना चमत्कार. आम्ही नवरा-बायको मराठीत भांडतोय एवढं त्यांनी ऐकलं असणार, म्हणून आक्षेपही मराठीत. आक्षेप काय, तर ट्रक सोसायटीच्या फाटकासमोर उभा होता आणि तेवढी पट्टी नकाशात आगीच्या बंबासाठी मोकळी दाखवली होती. दिल्लीच्या द्वारकेत तेव्हा नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की बायका बादल्या घेऊन धावायच्या. बंब आला असता तर त्याच्याही मागे धावलो असतो. पण ट्रक हलवला. हलवल्यावर तेच गृहस्थ म्हणाले, "आता चहाला या. आमच्या हिनं आधण ठेवलंय."

तो चहा पुढं मी कितीतरी वर्षं प्याले. आक्षेपही तितकेच ऐकले.

काका ऑडिटमधून निवृत्त झाले होते. सरकारी खात्यांच्या खर्चावर आक्षेप काढण्यात जन्म गेलेला. नोकरी सुटली, आक्षेप काही सुटले नाहीत. भाजीवाल्याच्या तराजूवर आक्षेप, आरतीत कुणी कडवं गाळलं तर आक्षेप, माझ्या साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट कमी म्हणून आक्षेप, आणि तो नोंदवून झाल्यावर पुन्हा एक वाढा. काकू सांगायच्या, "अगं, ह्यांच्या निरोपसमारंभात साहेबांनी भाषणात ह्यांच्या नेमणुकीचं साल चुकवलं. हे गळ्यातल्या हारासकट उठले आणि म्हणाले, 'सर, मेरा ऑब्जेक्शन है.' सगळे हसले गं. मला मेलीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं." सोसायटीतले पंजाबी शेजारी काकांना तोंडावर 'अंकलजी' म्हणायचे आणि पाठीमागं 'ऑब्जेक्शन साहब'. काकांना ते ठाऊक होतं. त्यांना ते मनातून आवडायचं, असा माझा संशय आहे.

पेपरचं पहिलं पान ते वाचायचेच नाहीत. सरकारं पडू देत, शेअरबाजार उसळू देत, काका आधी आतलं पान काढणार आणि तिथल्या मुंगीएवढ्या टाइपातल्या जाहीर सूचना वाचणार. अमुक सेक्टरमधल्या तमुक जागेचा वापर निवासीऐवजी व्यापारी करण्याचा विचार आहे, कुणाला आक्षेप वा सूचना असल्यास लेखी कळवाव्यात. अख्ख्या दिल्लीला उद्देशून छापलेली ती सूचना अख्ख्या दिल्लीत काका एकटेच वाचत असावेत. लहान कात्रीनं ती कापायची, जेवणाच्या टेबलावर काचेखाली सरकवायची आणि उत्तर लिहायला बसायचं. मी एकदा वैतागून विचारलं, "काका, रोहिणीतल्या कुठल्याशा पेट्रोल पंपाशी तुमचा काय संबंध?"

"अगं, सरकार विचारतंय," ते म्हणाले. "आपल्याला कुणी काही विचारलं तर उत्तर द्यावं की नको? साधी रीत आहे."

ह्या माणसापुढं काय बोलणार! सरकार विचारतं ते विचारायला लागतं म्हणून, उत्तर ऐकायचं असतं म्हणून नव्हे, हे मी सरकारी नोकरीत असून मला कळत होतं आणि सरकारी नोकरी करून निवृत्त झालेल्या काकांना कळत नव्हतं. की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे.

आता मी मुलाकडे गुडगावला राहते. गुरुग्राम म्हणायचं आता. खिडकीतून विमानांची पोटं दिसतात एवढं उंच घर आहे. इथं रहिवाशांचा सहभाग मोबाइलवर असतो. तळमजल्यावर जिम हवं की सलून, असा प्रश्न येतो, अंगठा दाबायचा, झालं. सूनबाई म्हणते, "आई, तुम्हीपण व्होट करा ना, तुमचाही से असतो." मी नाही करत. माझ्या वाट्याचा सगळा 'से' काकांच्या मागं फिरण्यात संपला.

तर ती बाग.

सोसायटीच्या समोर, रस्ता ओलांडला की एक मोकळा प्लॉट होता. कीकरची काटेरी झुडपं, कुणी कुणी आणून टाकलेला राडारोडा, एखादी चुकार गाय. पहिल्या वर्षी नीलगायसुद्धा यायची. तळमजल्यावरच्या काकांच्या घराचं दार बरोबर त्या प्लॉटकडे तोंड करून होतं, आणि ते घर काकांनी त्या दारासाठीच घेतलं होतं.

काकू राजापूरकडच्या. अंगणात वाढलेल्या. लग्न करून आल्या त्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, वरच्या मजल्यावर. बढती झाली तशी क्वार्टर बदलली, मजला मात्र वरचाच राहिला. सगळा संसार जिन्यावर गेला. काकूंचं मागणं एकच होतं, तेही लग्नानंतर कधीतरी एकदाच बोलून दाखवलेलं: दार उघडलं की पायाला माती लागेल असं घर. काकांनी शब्द दिला होता. निवृत्ती जवळ आली तसे ते दिल्ली विकास प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन द्वारकेचा मंजूर नकाशा बघून आले. सोसायटीसमोरचा प्लॉट नकाशात हिरवा रंगवलेला. पार्क. तो हिरवा रंग बघितला आणि त्यांनी तळमजला घेतला.

राहायला आल्या दिवशी काकूंनी दार उघडलं. समोर धूळ आणि काटे.

"बाग कुठंय?" काकूंनी विचारलं.

"ही काय. नकाशात आहे. होईल," काका म्हणाले.

काकूंनी मान डोलावली, आणि त्या दिवसापासून त्या उजाड प्लॉटला त्या 'बाग'च म्हणू लागल्या. थट्टेनं नव्हे हो, अगदी सरळ. "बागेत नीलगाय आलीये, मुलांना आत घे." "बागेपलीकडे धोबी बसतो ना, त्याच्याकडे दे कपडे." मला आधी हसू यायचं. मग मीही म्हणायला लागले. आमच्या ह्यांनी एकदा ऑफिसातल्या कुणाला घराचा पत्ता सांगताना 'बाग के सामने' सांगितलं, आणि तो बिचारा उन्हात बाग शोधत फिरला.

काकूंनी माहेरून प्राजक्ताचं रोप आणलं होतं. ओल्या फडक्यात गुंडाळून, रेल्वेच्या डब्यात मांडीवर घेऊन. घर लागल्यावर एका सकाळी त्या खुरपं घेऊन रस्ता ओलांडून गेल्या आणि दारासमोर येईल अशी जागा बघून खणायला बसल्या. काका पायात चप्पलही न घालता धावले. "अगं, थांब! माझा आक्षेप आहे. जागा अजून प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. आपण काही लावलं तर ते अतिक्रमण होतं."

"झाड लावणं?"

"झाड लावणं. बाग एकदा झाली की रीतसर सांगून लावू. तोवर डब्यात राहू दे."

काकूंनी खड्ड्यातली माती परत खड्ड्यात लोटली. रोप घरी आलं आणि तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात गेलं. दाराशी डावीकडे तो डबा असायचा. मी 'तोवर' ह्या शब्दाचा अर्थ त्या डब्याकडे बघून शिकले.

दिल्लीत नियम पाळणाऱ्याचे काय हाल होतात ते बघायचं असेल तर काकूंचं स्वयंपाकघर बघायला हवं होतं. सगळ्यांनी वर्षभरात बाल्कन्या काचा लावून बंद केल्या, कुणी खोली काढली, कुणी देवघर. काकांनी नाही. नकाशात बाल्कनी उघडी आहे, उघडीच राहील. उन्हाळ्यात राजस्थानकडून लू सुटली की काकूंच्या कणकेत वाळू. पोळी दाताखाली करकरायची. मी एकदा चिडून म्हटलं, "काकू, अहो भांडा की जरा!" तर म्हणाल्या, "भांडून काय गं, त्याच्यावरही आक्षेप घेतील." आणि हसल्या. त्या हसल्या की मला काकांचा जास्तच राग यायचा.

बागेचंही तेच. वर्षं जात होती, शेजारी मॉल होत होते, मेट्रोचे खांब उभे राहात होते, आणि समोरचा प्लॉट होता तसाच. मी म्हटलं, "काका, दुनियेच्या पेट्रोल पंपांवर अर्ज करता, बागेसाठी एक अर्ज टाका ना. म्हणावं, पार्क कधी करताय?"

काका दुखावल्यासारखे झाले. "मंजूर झालेल्या गोष्टीसाठी अर्ज? नकाशात आहे ती बाग. जे दिलंय ते पुन्हा मागायचं म्हणजे देणाऱ्यावर अविश्वास दाखवण्यासारखं आहे. नाही, माझा आक्षेप आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला तरी विसरता येत नाही.

गणपतीचं सांगायचं राहिलं. आम्ही पाच-सहा मराठी घरं, पलीकडे कॅन्टोन्मेंटातले सातारा-कोल्हापूरकडचे जवान आणि त्यांच्या बायका. त्यांनीच पहिल्यांदा म्हटलं, ताई, इथं गणपती बसवू या की. जागा अर्थातच बाग. काका सेक्रेटरी. आता दिल्लीत मोकळ्या जागेवर तंबू ठोकायला कुणी कुणाला विचारत नाही. त्याच प्लॉटवर देवीच्या भजनांची 'माता की चौकी' व्हायची, जागरण व्हायचं, लग्नं व्हायची, आणि आमच्या सोसायटीच्या प्रधानजींच्या नातवाचं मुंडनसुद्धा झालं होतं. प्रधानजी म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष, घरं विकून देण्याचा धंदा, बोटांत अंगठ्या. खांब आले, कापड आलं, रात्रभर भोंगे वाजले, सकाळी पत्रावळी उडाल्या. परवानगी? कसली परवानगी?

पण काका सेक्रेटरी होते ना! त्यांनी प्राधिकरणात जाऊन रीतसर अर्ज केला, फी भरली, सांस्कृतिक समारंभासाठी जागेचा तात्पुरता वापर म्हणून मंजुरी आणली, आणि ती मंडपाच्या खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधली. दर वर्षी. कॅन्टोन्मेंटातले जवान लेझीम खेळायचे, आमच्या मुली पहाडगंजहून आणलेल्या गजऱ्यांसाठी भांडायच्या, आणि खांबावर ती मंजुरी वाऱ्यानं फडफडायची. काकू नैवेद्याचं ताट आणता आणता दर वर्षी एकच वाक्य म्हणायच्या, "आपल्याच बागेत बसायला परवानगी कशाला मागायची म्हणते मी?" कुणाला उद्देशून नाही. आणि काका दर वर्षी घसा खाकरायचे.

मग एका सकाळी काका पेपरातली कापलेली सूचना हातात घेऊन आमच्या दारात आले. चेहरा असा की मला वाटलं, कुणी गेलं की काय. आमच्याच प्लॉटची सूचना होती. पार्कचा वापर बदलून समारंभगृह. म्हणजे बँक्वेट हॉल. आक्षेप वा सूचना असल्यास कळवाव्यात.

"आली की नाही?" काका म्हणाले. "विचारलं त्यांनी आपल्याला. आता सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं."

सगळ्यांनी! घराघरांतून फिरलो आम्ही. काका पुढं, मी मागं. लोक चांगले हो, पाणी विचारायचे, बसा म्हणायचे. पण आक्षेपांवर प्राधिकरणात सुनावणी ठेवली होती, तिला येता का म्हटलं की कुणाचं ऑफिस, कुणाचं ब्लडप्रेशर. एक बाई तर म्हणाल्या, "अंकलजी, बैंक्वेट बन जाए तो अच्छा ही है ना, फ्लैट का रेट बढ़ेगा." मराठी घरांतले म्हणाले, "काका, तुम्ही आहात ना, तुम्ही बघालच." काका खूष झाले. त्यांना तो विश्वास वाटला. मला ती कटकट टाळायची पद्धत वाटली. जिने चढून चढून माझ्या पायांचे तुकडे पडले होते आणि मला घरी जाऊन फक्त आडवं व्हायचं होतं.

सुनावणीच्या दिवशी मी ऑफिसात एक सीएल, म्हणजे किरकोळ रजा, टाकली. काकूंनी आम्हाला डब्यात दशम्या दिल्या. काका इस्त्रीचे कपडे घालून, जणू मुलगी बघायला निघाल्यासारखे. काकू दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नीट बोला हं. पार्क म्हणू नका नुसतं. बाग म्हणा."

तिथं एका लांब टेबलामागं तीन अधिकारी, समोर खुर्च्या, बिस्किटं. बोलायला दोन-दोन मिनिटं. प्रधानजी आधीच येऊन बसले होते, आम्हाला बघून गोड हसले. काकांचा नंबर आला. ते उभे राहिले आणि इतकं सुरेख बोलले! नकाशा काय म्हणतो, पार्क कशासाठी असतो, सेक्टरमधली म्हातारी माणसं आणि मुलं कुठं जातील. त्यांच्या हिंदीला मराठी वळण होतं, पण आवाज कापला नाही. शेवटी म्हणाले, "हमने घर उस बाग को देखकर लिया है साहब. इसलिए मेरा आक्षेप है."

मधले अधिकारी शांतपणे ऐकत होते. उद्धट नव्हते अजिबात; असते तर बरं झालं असतं. त्यांनी समोरचे कागद चाळले आणि विचारलं, "गणेश उत्सव के सेक्रेटरी आप ही हैं ना?"

"जी हाँ," काका म्हणाले.

"हर साल परमिशन आपने ही ली है?"

"हर साल. फ़ीस भरकर. एक साल भी बिना परमिशन के नहीं किया," काका ताठ होऊन म्हणाले. अभिमानानं म्हणाले हो! मला कळलं गाडी कुठं चाललीये.

"तो देखिए," साहेब म्हणाले. "इस प्लॉट पर समारोह की माँग हमारे रिकॉर्ड में बराबर है. आप ही की दी हुई. पार्क के लिए इतने साल में एक भी दरख़्वास्त नहीं आई."

"पार्क तो नक्शे में था," काका म्हणाले. "जो मंज़ूर है, वह दोबारा क्यों माँगें?"

"वही तो," साहेब म्हणाले. "जो आपने माँगा, वही हम दे रहे हैं."

"और बाक़ी जो तंबू लगते हैं? जागरण? शादियाँ?"

"उनका तो हमारे पास कुछ है ही नहीं."

काका उभेच राहिले.  मागून प्रधानजी म्हणाले, "सर, हम तो कहते हैं जल्दी बनाइए, बच्चों की शादियाँ करनी हैं," आणि लोक हसले. मी काकांचा हात धरून त्यांना बसवलं. 

बसमध्ये त्यांनी दशम्यांचा डबा मांडीवर धरून ठेवला, उघडला नाही. मला राग आला होता. साहेबांचा नाही, प्रधानजींचाही नाही, काकांचा. खरंच सांगते. एवढ्या मोठ्या शहरात चोरासारखं न विचारता काहीही केलं तर चालतं, आणि हा माणूस विचारत बसला, आणि त्या विचारण्यानंच घरावर नांगर फिरवून घेतला. ओरडावंसं वाटत होतं. पण त्यांच्याकडे बघितलं आणि ओरडायचं त्राणच उरलं नाही. धौला कुआँ आल्यावर ते म्हणाले, "हिला सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. मला सांगावं लागलंच नाही. प्रधानजींनी संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला हसत हसत सांगून टाकलं होतं, अंकलजी ने ही तो दिलवाया बैंक्वेट. काकूंच्या कानावर गेलं असणार. त्यांनी काकांना एका शब्दानं विचारलं नाही. दोन वेळचा चहा, जेवण, औषध, सगळं जागच्या जागी. फक्त त्या दिवसापासून त्यांनी समोरच्या प्लॉटला बाग म्हणणं सोडून दिलं. "समोर" म्हणायच्या. "समोर भिंत घालतायत." "समोर आज लग्न आहे." मला ते ऐकवायचं नाही. काकांना कसं ऐकवत असेल!

हॉल झाला. हिरवळ आली, पण प्लास्टिकची. जनरेटर, घोडे, बँड. रोज कुणाचं तरी लग्न आणि काकांच्या दाराला टेकून उभ्या राहिलेल्या गाड्या. गणपतीला हॉलवाले एक कोपरा फुकट देतात म्हणून मंडळी तिकडे गेली. काकांनी सेक्रेटरीपद सोडलं. पेपर यायचा, आतल्या पानाची घडीच मोडायची नाही. कात्री काकूंनी कोथिंबीर कापायला घेतली. सोसायटीच्या सभेत कुणीतरी मुद्दाम विचारलं, "अंकलजी, कोई ऑब्जेक्शन?" काका म्हणाले, "नहीं जी." मला वाटायचं त्यांनी एकदा तरी घ्यावा आक्षेप. माझ्या खिचडीवर तरी घ्यावा.

आणि मग एक दिवस मी सकाळी दूध आणायला निघाले तर सोसायटीच्या भिंतीबाहेर, रस्ता आणि भिंत ह्यांच्यामधल्या मातीच्या पट्टीत काका पहार घेऊन खणत होते. काकू बाजूला पाण्याची बादली घेऊन. मध्ये तो तेलाचा डबा. काकांनी पत्रा कापायच्या कात्रीनं डबा उभा चिरला. आत माती उरलीच नव्हती म्हणा ना. नुसती मुळं, एकमेकांत गुरफटून, पार डब्याच्या चौकोनी आकाराची झालेली. काकूंनी तोंडावर पदर धरला.

"काका," मी म्हटलं, "परवानगी?"

काकांनी इकडं तिकडं बघितलं. कपाळावर घाम. "हळू बोल," ते म्हणाले. "कुणाला सांगू नकोस."

अहो, झाड लावत होते हो!  ते मुळांचं चौकोनी गाठोडं खड्ड्यात ठेवताना तर मला वाटलं, रडतात की काय. नाही रडले. माती लोटली, पायानं दाबली, आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. पुढं कितीतरी दिवस रस्त्यावर सरकारी जीप दिसली की काका पडद्याआड व्हायचे.

मला वाटलं होतं झाड जगणार नाही. पहिला हिवाळा नुसत्या काड्या होत्या. पण जगलं. मग आम्ही गुडगावला आलो, आमचे हे गेले, माझं तिकडं जाणं कमी झालं.

मागच्या गणपतीत मेट्रोनं गेले. उन्हं कोवळी होती. काका-काकू दोघं भिंतीबाहेर त्या पट्टीत उभे. काकांची पाठ वाकलेली, काकूंचे गुडघे गेलेले. पण प्राजक्त! भिंतीच्या वर गेला होता, आणि खाली मातीवर, फुटपाथवर, हॉलपुढं लावलेल्या कुणाच्या तरी गाडीच्या टपावर फुलांचा सडा. काकांनी मला बघितलं आणि खोडाकडे बोट दाखवलं. खोडावर पांढऱ्या रंगात एक आकडा रंगवला होता.

"रस्त्याकडेची झाडं मोजायला माणसं आली होती," ते म्हणाले. "मी घाबरून दार लावून बसलो. मला वाटलं, तोडायला आले. बाहेर येऊन बघतो तर नंबर घालून गेलेले. सरकारी झाड झालं की गं हे! अर्ज नाही, फी नाही. कुणी विचारलंसुद्धा नाही." आणि ते हसायला लागले. असं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. बरं नाही वाटलं बघायला.

काकू भिंतीला एका हातानं धरून, वाकून फुलं वेचत होत्या. वेचता वेचताच म्हणाल्या, "तेव्हाच लावू दिलं असतंत, तर एव्हाना सावलीत बसलो असतो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलल्या. आवाज चढला नव्हता, काही नाही. काकांचं हसू थांबलं.

"अगं, तेव्हा नियमात बसत नव्हतं," ते म्हणाले.

"आता तरी कुठं बसतंय?" काकू म्हणाल्या.

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आला आक्षेप. मी वाटसुद्धा बघितली. पण त्यांनी एका हातानं भिंत धरली, कसेबसे खाली वाकले, आणि काकूंच्या शेजारी फुलं वेचायला लागले.